हॉलरॉइड बंधूंची मिठी

कॅम्डन टाउन, लंडन
नोव्हेंबरातला एक ओला मंगळवार

तीर्थरूप हेस्टर मावशीच्या चरणी,

तुझा एकुलता एक भाचा क्लिफर्ड याचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली पूर्ण वाकू देत नाही, तेव्हा निम्मा नमस्कार आत्ता घे आणि उरलेला नाताळात वसूल कर.) तुझ्या छातीतला कफ कसा आहे? नव्या डॉक्टरने दिलेलं औषध तू खिडकीतल्या जिरेनियमला घालतेस असं शेजारच्या बाईंनी कळवलं. जिरेनियमचा कफ बरा झाला असेल अशी आशा करतो. चॅपलमध्ये ऑर्गन अजून तूच वाजवतेस आणि पाद्रीबुवा अजून सूर सोडूनच गातात हे वाचून फार बरं वाटलं. जगात काहीतरी जागच्या जागी आहे म्हणायचं. तू पाठवलेला पार्किन, आपल्याकडचा तो आल्याचा केक, पोचला. इथली माणसं त्यावर क्रीम मागतात. म्हणून कुणालाच दिला नाही, एकट्याने संपवला. बाकी इकडील क्षेम म्हणशील तर ते नाही, आणि त्याचंच हे पत्र आहे.

तर मावशी, मला काढलं. पेपरात ‘परस्पर संमतीने’ असं छापून येईल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. संमती त्यांची होती, परस्पर मी होतो. तुझ्याकडे बातमी पोचेपर्यंत तिला शेपट्या फुटतील, कुणी म्हणेल क्लिफर्डने साहेबावर चहा फेकला, कुणी म्हणेल रडला. मी रडलो नाही. चहा गार होता, आणि तो फेकला नाही, सांडला. मी एक शब्दही मागे घेतलेला नाही आणि घेणार नाही, हे आधी सांगून टाकतो; मग बाकीचं सावकाश वाच, मध्ये शेगडीवर किटली ठेव.

तुला माझी कहाणी माहीतच आहे. विमा कंपनीत कारकुनी करता करता रेडिओवरच्या विनोदवीरांना मी सासूवरचे विनोद पुरवायचो (स्वतः बिनलग्नाचा, त्यामुळे हात मोकळा होता). मग टेलिव्हिजन आलं. माझी पहिली मालिका दीपगृहातल्या रखवालदारांवर होती. ती आपटली, कारण दीपगृह म्हणजे सगळा जिना, आणि आमचा मुख्य नट जिना चढून वर पोचेपर्यंत त्याला धाप लागायची आणि विनोद खालीच राहायचा. दुसरी एका बिशपवर होती. ती खऱ्या बिशपांना आवडली, तिथेच मला कळलं की ती गेली. त्यानंतर मी ईस्टरला तुझ्याकडे टॉडमॉर्डनला आलो, तोंड पाडून, आणि तुझ्या खोलीखालच्या हॉलरॉइड बंधूंच्या दुकानात कपाटाची बिजागरी घ्यायला उभा राहिलो.

काउंटरच्या डाव्या बाजूला थोरले एझ्राकाका: कुलपं, कड्या, बिजागऱ्या, करवती. उजव्या बाजूला धाकटे अ‍ॅमॉसकाका: खिळे, स्क्रू, सुतळी, रंग. मध्ये हातभर मोकळी जागा आणि त्या जागेत कैक वर्षांचं मौन. बिजागरी डावीकडे मिळाली, तिचे स्क्रू उजवीकडे. एझ्राकाका मला म्हणाले, त्याला सांग, पाऊण इंची दे. मी मान वळवली. अ‍ॅमॉसकाकांना ते ऐकू आलेलंच होतं, पण मी स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत ते छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, त्याला सांग, पाऊण इंची संपलेत, त्याने गेल्या आठवड्यात मागवायला हवे होते. मी पुन्हा मान वळवली. माझ्यामागे रांगेत उभे असलेले गवळीबुवा म्हणाले, क्लिफर्ड, अर्धा इंची घे आणि बाजूला हो, आम्हालाही निरोप पोचवायचेत.

हे सगळं मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण यात हसण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. मला वाटायचं सगळ्याच दुकानांत असं चालतं. (एकदा बेकरीवाला आपल्या बायकोशी सगळ्यांदेखत थेट बोलला तेव्हा मला ते जरा असभ्य वाटलं होतं.) त्या दिवशी मात्र बिजागरी खिशात घालून मी गाडीत बसलो आणि मँचेस्टर यायच्या आत पहिला भाग डोक्यात तयार होता. ‘त्याला सांग’ हे नाव आपोआपच आलं. मौन कशावरून धरलं हे मी मालिकेत कधीच सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. गावात विचारावं तर कुणी म्हणे बापाच्या मृत्युपत्रावरून, कुणी म्हणे न विचारता विकलेल्या शिडीवरून. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, बटाटे सोल.

ती मालिका वर्षानुवर्षं चालली. थोरल्याचं काम लेनर्ड पास्क करायचे आणि धाकट्याचं ह्युबर्ट ट्रॅन्टर. पडद्यावर एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं प्रत्यक्षात इतकी जिवलग की सुट्टीतही बायकांना घेऊन एकाच बोर्डिंग हाउसात जायची. एझ्राकाका वर तुझ्या खोलीत बसून मालिका बघायचे आणि अ‍ॅमॉसकाका पबमध्ये, हे तूच मला लिहिलं होतंस. थोरल्या काकांनी दिलेला एकमेव अभिप्राय तुझ्यामार्फत आला होता: त्याला सांग, कुलपं चुकीच्या भिंतीवर लावलीत. मी ती दुसऱ्या दिवशी हलवली. त्यांच्या अंत्यविधीला मी आलो तेव्हा दोन अनोळखी माणसांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की आमच्याही घरात असंच आहे. मावशी, याहून मोठं बक्षीस मला कुणी दिलेलं नाही. (दिलेली दोन बक्षिसं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवलीत.)

आता जाइल्सकडे येतो. जाइल्स विनट्रिंगम हा आमच्या विनोद विभागाचा नवा प्रमुख. वय तिशीच्या आत, दात उत्तम. विनोदाशी त्याचा संबंध एवढाच की त्याच्या खात्याच्या दारावर तो शब्द लिहिलेला आहे. याने मला बोलावलं, कॉफी दिली (चहा मागितला होता) आणि म्हणाला, मालिका आता थांबवू, पण छान थांबवू. त्यांच्याकडे कुणीतरी प्रेक्षकांना विचारून अहवाल केला होता. लोकांना ऊब हवी आहे असं त्यात निघालं. मी म्हटलं, ऊब हवी असेल तर लोकरीचे मोजे घाला म्हणावं. तो हसला नाही. त्याचं म्हणणं, शेवटच्या भागात दुकान विकलं जातं, रिकाम्या दुकानात दोघे भाऊ उरतात, धाकटा म्हणतो ‘मला माफ कर’, थोरला त्याला मिठी मारतो, व्हायोलिन.

मी म्हटलं, जाइल्स, ही टॉडमॉर्डनची माणसं आहेत. ती बायकोला मिठी मारायची झाली तरी आधी पडदे ओढून घेतात. माफी मागायची असेल तर शेजारच्याच्या दारात न सांगता कोळशाची बादली भरून ठेवतात, आणि तो मेला तरी कुणी ठेवली ते कबूल करत नाहीत. तू यांना व्हायोलिन लावतोस? तो म्हणाला, “क्लिफर्ड, तुम्हाला माणसांची भीती वाटते.” हे ऐकून माझ्या हातातली ती गार कॉफी सांडली. (वर मी चहा लिहिलं. कॉफीच होती, चहा म्हटलं की जरा घरचं वाटतं.) मी म्हटलं, “मला माणसांची नाही, मिठीची भीती वाटते. मिठी मारली की लेखकाला काही करायला उरत नाही.” आणि मी लिहायला नकार दिला.

मग त्याने दोन दाढीवाले लेखक आणून तो प्रसंग लिहून घेतला. करारात बारीक अक्षरात असं होतं की भाऊ कंपनीचे, माझं फक्त त्यांचं बोलणं. आणि मिठी मारताना ते बोलणार नव्हतेच. शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाला मी येऊ नये अशी चिठ्ठीही आली. तब्येतीसाठी, म्हणे. तब्येत माझी उत्तम होती. मी स्टुडिओच्या मागच्या रस्त्याला गेलो, तिथे लुटनहून महिला मंडळाची बस येऊन लागली होती, आणि मी त्या बायकांच्या रांगेत घुसलो. त्यांच्या पुढारी मिसेस टॅपस्कॉट, टोपीला फळं लावलेल्या, त्यांना मी बसचा ड्रायव्हर वाटलो. त्यांनी आपली पिशवी आणि तीन जणींच्या छत्र्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाल्या, आलास तर आत बस, बाहेर गारठशील. अशा रीतीने स्वतःच्या मालिकेच्या शेवटच्या भागाला तुझा भाचा लुटनच्या बायकांचा हमाल म्हणून हजर राहिला.

भाग चांगला चालला होता. माझाच होता तो, मिठीपर्यंत. बायका पोट धरून हसत होत्या. मग ते आलं. दुकान रिकामं, एक गिऱ्हाईक बाई तेवढी कोपऱ्यात राहिलेली, ह्युबर्ट म्हणाले ‘मला माफ कर’, लेनर्डनी हात पसरले, दोघे एकमेकांच्या गळ्यात. व्हायोलिन. आणि प्रेक्षकांत काय झालं सांगू? काही नाही. कुणीतरी गोळीचा कागद उलगडला तो मला ऐकू आला. प्रेक्षकांना तापवायला ठेवलेला एक माणूस असतो, तो पुढे येऊन म्हणाला, मंडळी, पुन्हा घेऊ या, या वेळी जरा ‘अहाहा’ येऊ द्या. पुन्हा मिठी. बायकांनी ‘अहाहा’ केलं, दंतवैद्याकडे करतात तसं. वरच्या काचेमागून जाइल्सचा आवाज आला, अजून एकदा.

तिसऱ्यांदा मिठी पडली आणि माझ्या शेजारी मिसेस टॅपस्कॉट मोठ्याने म्हणाल्या, “यांना झालंय काय? कुणी गेलं का?”

मावशी, असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. आणि तो ओसरायच्या आत, मिठीतच, ह्युबर्टच्या खांद्यावरून मान काढून लेनर्ड त्या कोपऱ्यातल्या गिऱ्हाईक बाईला अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, त्याला सांगा, माझ्या पायावर उभा आहे.”

त्या बाईचं काम करणारी पोरगी हुशार. तिने ह्युबर्टना निरोप दिला. ह्युबर्टनी मिठी न सोडता छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्याला सांगा, मला ठाऊक आहे.”

बायका खुर्च्यांवरून घसरल्या. मी छत्र्यांसकट उभा राहिलो आणि ओरडलो, हेच, हेच ठेवा, कापलंत तर याद राखा, आणि आणखीही काही, जे तुझ्यासारख्या चॅपलच्या बाईला लिहिण्यासारखं नाही. दिवे लागले. दोन माणसांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. मिसेस टॅपस्कॉट मागून ओरडत होत्या की आमच्या ड्रायव्हरला सोडा, आम्हाला घरी कोण नेणार. एक गोष्ट इथे फक्त तुलाच सांगतो, कुठे बोलू नकोस. इतकी वर्षं मी ही मालिका लिहिली आणि तिच्यातली सगळ्यात चांगली दोन वाक्यं माझी नाहीत. हे मला त्या दोन माणसांच्या पकडीपेक्षा जास्त लागलं. पण खरं ते खरं. ती वाक्यं हॉलरॉइडांची होती, मधल्या माणसाचं नाव काय याने फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी जाइल्सच्या खोलीत माझं शेवटचं बोलणं झालं. तो म्हणाला, पहिली मिठीच ठेवणार, हशा नको, व्हायोलिन वाढवणार. मला सरेमधल्या दोन प्रेमळ दंतवैद्यांवर नवी मालिका देऊ केली. मी म्हटलं, माझं नाव काढून टाक. तो म्हणाला, नाव काढलं तर पुढे या इमारतीत काम नाही. मी म्हटलं, इमारत तुला ठेव, जिना तसाही मोठा आहे. आणि उतरलो. लेनर्ड आणि ह्युबर्ट दोघे फाटकापर्यंत आले. लेनर्ड ह्युबर्टना म्हणाले, त्याला सांग, पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला ये. मी गळपट्टा नाकापर्यंत ओढला. धुकं होतं.

तर असा तुझा भाचा साठीच्या उंबरठ्यावर बेकार आहे आणि त्याला त्याचं काडीचं दुःख नाही. मी पुन्हा लिहीन. रंगभूमीवर लिहीन, रेडिओवर लिहीन, भिंतीवर लिहीन. जगातल्या सगळ्या काचेमागच्या पोरांनी एका सुरात सांगितलं तरी मी म्हणेन की अशी माणसं मिठी मारत नाहीत. मारूच शकत नाहीत. माझ्या डोळ्यांनी आयुष्यभर पाहिलंय. यावर माझं डोकं उडवलं तरी धड हेच म्हणेल.

थंडीत पाय गरम ठेव. औषध स्वतः घे, झाडाला घालू नकोस.

तुझा, मोडेल पण वाकणार नाही असा (कमरेचं वर सांगितलंच आहे),
क्लिफर्ड

ता. क. — तिकीट आणायचं राहिलं म्हणून पत्र टेबलावरच पडून होतं, तेवढ्यात तो भाग दाखवून झाला. तू पाहिला असशीलच. माझं नाव नव्हतं, व्हायोलिन होतं. पेपरात आलंय की मालिकेच्या सबंध आयुष्यात इतक्या लोकांनी एकही भाग पाहिला नव्हता. खालच्या मजल्यावरचा खाटीक, जो बैलाकडे पाहूनही हळवा होत नाही, तो मला जिन्यात अडवून म्हणाला की तो आणि त्याची बायको दोघे रडले. लोकांना अक्कल नसते हे माझं मत आता पक्कं झालं. मिसेस टॅपस्कॉटचंही पोस्टकार्ड स्टुडिओमार्फत आलं, छत्र्या परत पाठव म्हणून. खाली लिहिलं होतं, घरी बघताना मलाही रडू आलं, त्या दिवशी स्टुडिओत पाय फार गारठले होते. तरीही मी माघार घेत नाही.

आणखी एक ता. क. — काल अ‍ॅमॉसकाकांचा फोन आला. माझ्या जन्मात पहिल्यांदा. आधी मला वाटलं कुणीतरी फोन उचलून नुसतंच श्वास घेतंय, मग ओळखलं. त्यांनी भाग पाहिला होता. मी म्हटलं, काका, तो शेवट माझा नाही, मी भांडलो, नोकरी गेली, पण असलं खोटं मी लिहिलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चूक होतं ते. माफी त्याने मागितली होती, मी नाही.” मी विचारलं, कुठे? म्हणाले, इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, आणि मिठी मी मारली, तो उठू शकत नव्हता. हेस्टर दारात होती, तिला विचार.

मावशी, तू दारात होतीस. इतकी वर्षं तू मला जिरेनियमचं कळवतेस, पाद्रीबुवांचे सूर कळवतेस, आणि हे कळवलं नाहीस. मी रागावलेलो नाही. कळवलं असतंस तर मी तोच शेवट लिहून टाकला असता आणि जाइल्सच्या आधी स्वतःच मालिका बंद पाडली असती, तेव्हा झालं ते बरं झालं. पण जाइल्सला यातलं अक्षरही कळता कामा नये. वर जे धडाबिडाचं लिहिलं ते खोडून पुन्हा लिहावं असं वाटलं होतं; तसंच ठेवलं. चूक असलो तरी ठामपणे चूक आहे.

शेवटचा ता. क., आणि खरं पत्र हेच आहे, वरचं वाचलं नाहीस तरी चालेल. फोन ठेवता ठेवता काकांनी मला एक काम सांगितलं. म्हणाले, “हेस्टरला सांग, आता तिची हरकत नसेल तर रविवारी चहाला येईन.” मी विचारलं, आता म्हणजे? ते म्हणाले, “तिला कळेल.” मग म्हणाले की उत्तराची घाई नाही, इतकी वर्षं थांबलोच आहे, आणि फोन ठेवला.

मी खुर्चीवर बसलो तो किटली कोरडी पडून काळी होईपर्यंत उठलो नाही. ते मौन ना मृत्युपत्रावरून होतं ना शिडीवरून, हे बिजागरी घ्यायला आलेल्या माणसाला कुठून कळणार होतं? तुझं उत्तर मला पाठव, मी त्यांना पोचवतो, रांगेत उभं राहायची मला सवय आहे. पण चॅपल तुमचं एकच आहे, बाकं शेजारशेजारची आहेत. थेट सांगितलंस तरी माझं काही म्हणणं नाही.